डोळ्यांचं ऊन आणि कातडीचं ऊन

जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास आरे कॉलनीतल्या रस्त्यावर फिरायला आलेली माणसं मध्येच थांबलेली दिसतात. गोरेगाव, जोगेश्वरी, मरोळ, पवई अशा चारी बाजूंनी ती आलेली असतात. पर्जन्यवृक्षांच्या सावलीतून ऊन जिथे खाली उतरलेलं असतं तिथे ती उभी राहतात, पाठ उन्हाला देतात, बाह्या वर सारतात. कुणालाही कारण विचारा, उत्तर एकच येतं: "डी व्हिटॅमिन मिळतं ना!" कुणाच्या रक्ताच्या तपासणीत ते कमी निघालेलं असतं, कुणाला गुडघेदुखीवर शेजाऱ्यांनी हा उपाय सांगितलेला असतो. कोवळ्या उन्हात डी असतं हे आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की त्याबद्दल शंका घ्यावी असं मनातही येत नाही.

जानेवारीतल्या आठच्या त्या उन्हात डी जवळजवळ तयार होत नाही. तरीही ही माणसं तिथे येतात ते अगदी योग्य करतात. सकाळच्या उन्हाचा फायदा खरा आहे, मोठा आहे, आणि तो कातडीवाटे नव्हे, डोळ्यांवाटे शरीरात जातो. कातडीचं ऊन वेगळं, त्याची वेळ वेगळी. आपण या दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे आणि त्यापायी दोन्हीकडचा लाभ अर्धामुर्धा घेतो. या प्रकरणात त्या दोन्ही नीट सुट्या करून पाहू.

आधी कातडीचं.

सूर्यप्रकाशातले जे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोचतात त्यांचे दोन प्रकार: यूव्हीए आणि यूव्हीबी. डी जीवनसत्त्वासाठी लागतात ते यूव्हीबी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे. कातडीत कोलेस्टेरॉलचा एक जवळचा नातलग असतो. यूव्हीबी किरण त्याच्यावर पडले की त्याची घडण मोडते, कातडीच्या उबेने ती पुन्हा जुळते आणि डी-३ तयार होतं. पुढे यकृत त्याच्यावर एक संस्कार करतं, मूत्रपिंड दुसरा, आणि मग ते कामाला लागतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं हे त्याचं सर्वांत महत्त्वाचं काम.

यूव्हीबी किरण वातावरणातल्या ओझोनमध्ये शोषले जातात. सूर्य डोक्यावर असताना त्यांना हवेचा थर सरळ, कमीत कमी जाडीचा ओलांडावा लागतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना तोच थर तिरपा, कितीतरी लांब होतो. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातच्या सुमारास असतो. पावणेआठला सूर्य क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर आलेला असतो आणि त्याच्या किरणांना माथ्यावरच्या सूर्याच्या किरणांपेक्षा आठ-नऊपट हवा कापून यावं लागतं. त्या वाटेत निळा रंगही विखरून जातो, म्हणून ऊन पिवळट, कोवळं दिसतं. यूव्हीबी तर त्याच्याही आधी संपलेले असतात. जे ऊन कोवळं वाटतं, ज्यात कितीही वेळ उभं राहिलं तरी चटका बसत नाही, त्यात डी घडवणारे किरण नसतात. ज्या कारणाने ते सुखद वाटतं त्याच कारणाने ते कातडीच्या या कामाला निरुपयोगी ठरतं.

मग वेळ ओळखायची कशी? घड्याळापेक्षा सावली बघणं सोपं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर डी फारसं बनत नाही. आखूड झाली की बनायला लागतं. मुंबईच्या अक्षांशावर हा क्षण मेच्या मध्यावर सकाळी साडेनऊच्या आधीच येतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र तो येतो साडेअकराच्या आसपास, आणि दोन वाजायच्या सुमारास पुन्हा निघून जातो. हिवाळ्यात, म्हणजे ऊन हवंहवंसं वाटतं त्या दिवसांत, कातडीच्या उन्हाची खिडकी भर दुपारी दोन-अडीच तासच उघडी असते आणि त्या वेळी मुंबईकर ऑफिसात असतो.

साडेअकरा ही वेळ एवढी उशिराची वाटते त्यात घड्याळाचाही हात आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे इथला खरा मध्यान्ह बारा वाजता होत नाही, सरासरी बारा अडतीसला होतो. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक वेळ लागू झाली तेव्हा मुंबईने ती सहजी मानली नाही. ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' शहरातल्या काही घड्याळांत १९५५ पर्यंत टिकली. त्या वेळी लोक सूर्याच्या अधिक जवळच्या घड्याळावर जगत होते. आपण मात्र "सकाळी आठ" म्हणतो तेव्हा सूर्याच्या हिशेबाने अजून साडेसातही वाजलेले नसतात.

डी आणि ऊन यांचं नातं जगाला कळलं त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. मुडदूस हा लहान मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकवणारा आजार. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या धुराने काळवंडलेल्या शहरांत तो घरोघर होता. थिओबाल्ड पाम या डॉक्टरने १८९० मध्ये दूरदेशींच्या वैद्यकीय मिशनऱ्यांकडून माहिती गोळा करून मांडलं की जिथे ऊन भरपूर तिथे मुडदूस दिसत नाही. मग हिंदुस्थानात, जिथे ऊन उतू जातं, मुडदूस असूच नये. पण तो होता. १९२० च्या सुमारास हचिसन नावाच्या डॉक्टरांनी नाशिकमध्ये आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर याचा शोध घेतला. त्यांना दिसलं ते त्या काळच्या समजुतीला उलटवणारं होतं. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतली, चांगलं खाऊनपिऊन असलेली मुलं मुडदुसाने आजारी होती. ज्यांच्या घरात धड दोन वेळचं अन्न नव्हतं, पण आया शेतात राबत होत्या आणि पोरं दिवसभर बाहेर उन्हात होती, त्यांची हाडं सरळ होती. घरातल्या अंधाऱ्या खोल्यांत आईबरोबर कोंडलेलं मूल दूध-तूप खाऊनही वाकत होतं. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याखाली बसवून मुलांचा मुडदूस बरा केला होता. नाशिकने तीच गोष्ट दिव्याशिवाय, रोजच्या जगण्यातून दाखवून दिली.

पुढे शंभर वर्षांनीही हे नातं तेवढंच ताजं आहे. पुण्यातल्या गरीब वस्तीतल्या पाळणाघरांतल्या चिमुकल्यांवर जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज उन्हात खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात डी पुरेसं होतं. आत बसणाऱ्यांच्या रक्तात ते कमी होतं, काहींत मुडदुसाच्या खुणाही होत्या. गाव तेच, ऊन तेच, फरक फक्त दाराच्या आत आणि बाहेर असण्याचा.

आरे कॉलनीत उभं राहून हे वाचलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. ही जागा वसवलीच मुळी मुंबईच्या हाडांसाठी, असं म्हटलं तरी चालेल. १९४९ मध्ये शहरातले गलिच्छ गोठे हलवून गोरेगावच्या या टेकड्यांवर म्हशींची वसाहत उभी राहू लागली; सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, तीसेक युनिटं, सोळा हजारांच्या आसपास म्हशी. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते डेअरीचं उद्घाटन झालं. ज्यांनी हे घडवून आणलं त्या दारा खुरोडींना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काचेच्या बाटल्यांतलं, रंगीत झाकणांचं आरेचं दूध दोन पिढ्यांनी प्यायलं. पण दुधात कॅल्शियम भरपूर असलं तरी डी नैसर्गिकपणे अगदी नाममात्र असतं. शरीरात डी नसेल तर अन्नातलं दहा-पंधरा टक्केच कॅल्शियम शोषलं जातं. ते पुरेसं असेल तर तीस-चाळीस टक्के. मुलाला रोज ग्लासभर दूध देऊन त्याला दिवसभर घरात ठेवणारी आई त्या दुधाचा निम्म्याहून अधिक फायदा वाया घालवते. तिचा त्यात काही दोष नाही. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

सावळ्या कातडीला डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण मेलॅनिन हेच किरण अडवतं. म्हणून युरोपातल्या पुस्तकांतली "दहा मिनिटं पुरे" ही शिफारस आपल्याला लागू नाही. दंड, हात, पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस अर्धा-पाऊण तास, सावली आखूड असताना आणि चटका बसायच्या आत सावलीत येऊन, हे आपल्याकडे अधिक जुळतं. मे महिन्यात त्याहून कमीच. हे ज्यांना जमत नाही त्यांनी रक्त तपासून डॉक्टरांच्या सांगण्याने गोळ्या घ्याव्यात. ६०,००० युनिटांच्या पुड्या मात्र शेजाऱ्यांच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. डी चरबीत साठतं, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हाने मात्र असं कधी होत नाही. कातडी गरजेपेक्षा जास्त झालेलं डी स्वतःच मोडून टाकते.

आता डोळ्यांचं. सकाळचं ऊन जिथे खरं काम करतं ती जागा ही.

आपल्या डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आहेत, दंडपेशी आणि शंकुपेशी, असं दीडशे वर्षं मानलं जात होतं. शाळेच्या पुस्तकांत अजूनही तसंच आहे. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या कातडीत एक नवं प्रकाशसंवेदी प्रथिन सापडलं. त्याला मेलानॉप्सिन नाव मिळालं, आणि दोन वर्षांनी तेच माणसाच्या डोळ्यातही आढळलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डोळ्यातल्या काही मोजक्या चेतापेशी या प्रथिनाच्या बळावर स्वतःच प्रकाश ओळखतात. या पेशी चित्र बघत नाहीत. बाहेर किती उजेड आहे एवढंच त्या मोजतात आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या, आकाशाच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. काही आंधळ्या माणसांमध्येही त्या जिवंत असतात, म्हणून दिसत नसतानाही त्यांच्या शरीराला दिवस-रात्र कळते.

त्यांचा निरोप जातो मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वरच्या एका ठिपक्याएवढ्या केंद्राकडे. तिथल्या वीसेक हजार पेशी शरीराचं घड्याळ चालवतात. झोप कधी यावी, सकाळी कॉर्टिसॉल कधी वाढावं, रात्री मेलाटोनिन कधी पाझरावं, शरीराचं तापमान कधी उतरावं, जेवणानंतरची साखर कशी हाताळावी, या सगळ्याच्या वेळा तिथून ठरतात. प्रत्येक पेशीत हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

या घड्याळाची अडचण अशी की ते चोवीस तासांचं नाही. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी १९९९ मध्ये काळजीपूर्वक मोजलं तेव्हा माणसाचं सरासरी घड्याळ चोवीस तास अकरा मिनिटांच्या आसपास निघालं. म्हणजे मोकळं सोडलं तर ते रोज थोडं मागे पडत जातं. ते रोज सकाळी पुढे ओढून जागेवर आणावं लागतं आणि ते काम करतो प्रकाश. पण कोणत्याही वेळचा नाही. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळ पुढे सरकवतो. त्याच्या आधीचा, म्हणजे रात्रीचा प्रकाश ते मागे ढकलतो. सकाळी ऊन न बघणारा आणि रात्री बारापर्यंत मोबाइल बघणारा माणूस आपलं घड्याळ दोन्ही टोकांनी मागे लोटत असतो. मग रविवारी अकराला जाग येते, सोमवारी अंग जड होतं, आणि दोष द्यायला शुक्रवारची दगदग सापडते.

"पण घरात उजेड असतोच की!" असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण डोळा उजेडाच्या फरकाशी चटकन जुळवून घेतो आणि आपली फसगत होते. आकडे बघा. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत साधारण शंभर ते दोनशे लक्स उजेड असतो, चांगल्या ऑफिसात चारशे-पाचशे. ढगाळ दिवशी बाहेर दहा हजार लक्स सहज असतात. स्वच्छ दिवशी झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार, आणि थेट उन्हात एक लाखापर्यंत. म्हणजे आरेच्या रस्त्यावर सावलीतून चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत घरात दिवा लावून बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त प्रकाश जातो. यात कोवळेपणा आड येत नाही. सूर्य खाली असतानाही आकाश निळं असतं आणि घड्याळाला तोच निळा प्रकाश हवा असतो. पावसाळ्यातही हे बंद पडत नाही. जुलैत सूर्य दिसला नाही तरी छत्री घेऊन वीस मिनिटं बाहेर चालणाऱ्याला घरातल्यापेक्षा अधिक उजेड मिळतो.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. आठ जणांना त्यांनी आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला नेलं. मोबाइल नाही, बॅटरी नाही. दिवसा सूर्य, रात्री शेकोटी. आठवड्याअखेर त्यांचं मेलाटोनिन सुमारे दोन तास लवकर पाझरू लागलं होतं. त्यातले जे स्वतःला जन्मजात रात्री जागणारे समजत होते त्यांच्यात सर्वांत मोठा बदल झाला. एका आठवड्यात, औषधाच्या एकाही गोळीशिवाय.

आरेच्या जंगलात सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. त्यांच्या जगण्याचं कौतुक करून मोकळं होणं सोपं आहे. विजेसाठी, पाण्यासाठी, जमिनीच्या हक्कासाठी त्यांना काय झगडावं लागलं ते विसरून ते करू नये. पण एवढं खरं की भाजीच्या वाफ्यावर पहाटे कामाला लागणाऱ्या बाईला 'सकाळचा प्रकाश घ्या' असं कुणी सांगावं लागत नाही. मेट्रोच्या कामासाठी यातली काही कुटुंबं उंच इमारतींत हलवली गेली. त्यांच्या हातून जे गेलं त्याच्या यादीत झाडं आणि अंगण येतं. दिवसाचा उजेडही यायला हवा.

कारण उजेड नसलेलं घर आजारी पाडतं, आणि याचा पुरावा आपल्याच उपनगरांत आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींतल्या इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी या वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या साथीने अभ्यास केला. ऊन आणि हवा कमी असलेल्या घरांत क्षयरोगी अधिक होते. उन्हातले अतिनील किरण क्षयाचे जंतू मारतात हे जुनं ज्ञान आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल त्यासाठीच मिळालं होतं. इमारतींमधलं अंतर ठरवणाऱ्याने हे जाणून घेतलंच पाहिजे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली तेव्हा सगळी चर्चा प्राणवायूची झाली. मोकळ्या आकाशाखाली सर्वांना फुकट उभं राहता येईल अशा जागा उपनगरांत फार थोड्या उरल्या आहेत, आणि आरे त्यांतली सर्वांत मोठी, हेही त्या वेळी तितक्याच जोराने बोललं जायला हवं होतं.

मनावरही या प्रकाशाचा परिणाम होतो. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ८७ हजार माणसांनी मनगटावर प्रकाशमापक बांधून मिळालेली माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांचा दिवस उजेडाचा आणि रात्र अंधाराची होती त्यांच्यात नैराश्य आणि इतर मानसिक त्रास कमी होते; ज्यांची रात्र उजळ होती त्यांच्यात जास्त. नैराश्यात माणूस घरातच बसतो, म्हणून त्याला उजेड कमी मिळतो, असंही यात थोडं असणार. तरीही हिवाळी नैराश्यावर तेजस्वी दिव्यासमोर बसवण्याचा उपचार १९८४ पासून चालत आलाय आणि तो बहुतेक वेळा सकाळीच दिला जातो.

यावरून आरेतल्या पहाटेच्या फिरण्याविषयी मला आग्रहाने एक सांगावंसं वाटतं. साडेचार-पाचला निघून उजाडायच्या आत घरी परतणारे अनेक आहेत. व्यायाम होतो, शिस्त राहते, ते उत्तमच. पण जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो, आणि आरेच्या पूर्वेला टेकड्या असल्याने ऊन अंगावर यायला आणखी वेळ लागतो. अंधारात फिरून परत येऊन स्वयंपाकघराच्या ट्यूबलाइटखाली चहा पिणाऱ्याला सकाळच्या प्रकाशाचा फायदा मिळतच नाही. शिवाय हे बिबट्याचं रान आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये इथे माणसांवर हल्ले झाले, त्यात एका लहान मुलीचाही बळी गेला. उजाडल्यावर निघा, शक्यतो दोघं-तिघं मिळून. थंडीतल्या सकाळी मुंबईत धूर जमिनीलगत कोंडून राहतो, तेव्हा पुण्याच्या हवामान संस्थेच्या 'सफर' वरचा हवेचा आकडा बघून, दम्याच्या किंवा हृदयाच्या माणसाने वाईट दिवशी साडेआठ-नऊनंतर जावं. घड्याळासाठी तोही उशीर नाही.

काळा चष्मा तेवढा वेळ काढून ठेवावा. टोपी चालेल. सूर्याकडे थेट पाहू नये. उगवत्या सूर्याकडेही एकटक पाहण्याचे प्रकार काहीजण करतात, त्याने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. प्रकाश घड्याळापर्यंत पोचायला समोरचं आकाश पुरेसं असतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. पूर्वेला तोंड करून, उघड्यावर, उजाडताना करायचा हा व्यायाम: यात स्नायूंचं काम आणि डोळ्यांचं काम एकाच वेळी होतं. आज ते बंद खोलीत पडदे ओढून केले जातात तेव्हा त्यातलं अर्धं निसटतं.

मुलांच्या बाबतीत डोळ्यांच्या उन्हाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो पालकांना कळला तर शाळेची वेळापत्रकं बदलतील. लहान वयात लागणारा लघुदृष्टीचा चष्मा बाहेरच्या उजेडाने लांबतो. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटं जादा मैदानावर सोडलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. नेहमीच्या शाळांतल्या मुलांत ३९.५ टक्के. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन पाझरतं आणि ते नेत्रगोलाची फाजील वाढ रोखतं, असं आज मानलं जातं. इथे ऊन कोवळं असो की चढतं, उजेड हवा आणि पाऊण तास हवा. मुंबईत सातची शाळा असलेलं मूल जानेवारीत सूर्य उगवायच्या आत वर्गात बसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं ते मुलांच्या झोपेसाठी. दोन पाळ्यांच्या शाळांना ते अवघड गेलं, बसच्या फेऱ्यांचा प्रश्न आला. पण वाचलेल्या त्या वेळातली अर्धी मिनिटंही मूल मैदानावर, सोसायटीच्या आवारात, अगदी गच्चीवर घालवत असेल तर त्या नियमाचं सोनं होईल.

तान्ह्या बाळांचं थोडं वेगळं. तेल लावून, न्हाऊमाखू घालून बाळाला कोवळ्या उन्हात धरायची आपल्याकडे रीत आहे. १९५६ मध्ये इंग्लंडच्या रॉचफर्ड इस्पितळातल्या जीन वॉर्ड या नर्सच्या लक्षात आलं की उन्हात ठेवलेल्या काविळीच्या बाळाची उघडी कातडी झाकलेल्या कातडीपेक्षा कमी पिवळी आहे. त्यातूनच आजचे निळ्या दिव्यांचे उपचार आले. हे काम निळा दृश्य प्रकाश करतो, म्हणून कोवळ्या उन्हात थोडंफार होतंही. पण पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं दिसलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर उन्हावर विसंबून एक दिवसही घालवू नये, डॉक्टरांकडे न्यावं. वाढलेली कावीळ बाळाच्या मेंदूला इजा करते.

ज्यांना आरेपर्यंत जाता येत नाही त्यांचं काय? लोकलने जाणाऱ्याने फलाटाच्या छताखालून बाहेर, उघड्या टोकाला उभं राहावं. बसची वाट थांब्याच्या आत न बघता बाहेर बघावी. चहा गॅलरीत घ्यावा. उठल्यापासून तासाभरात वीस-तीस मिनिटं मिळाली तर उत्तम, दहा मिळाली तरी हरकत नाही, रोज मिळाली पाहिजेत. कातडीच्या उन्हासाठी मग डबा खाल्ल्यावर ऑफिसच्या आवारात एक फेरी, बाह्या वर सारून.

आणि घरातून हलू न शकणारी म्हातारी माणसं. त्यांची खुर्ची सकाळी पूर्वेच्या खिडकीशी ठेवा. काचेतून घड्याळाला हवा तो निळा प्रकाश आत येतो, त्यामुळे रात्रीची झोप सुधारायला एवढंही उपयोगी पडतं. पण काच यूव्हीबी अडवते, तिच्याआड बसून डी मिळत नाही. तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास ज्या खिडकीत ऊन येतं तिची काच सरकवून त्यांचे हात-पाय थोडा वेळ थेट उन्हात येतील असं करा, आणि तेही जमत नसेल तर डॉक्टरांना त्यांचं डी तपासायला सांगा.